पाणी किती फुटावर आलंय?

जुलै उजाडला की जगातल्या कुठल्याही कोपऱ्यात बसलेला सांगलीकर घरी फोन लावतो आणि तब्येत-बिब्येत नंतर, पहिला प्रश्न टाकतो, पाणी किती फुटावर आलंय? कुठलं पाणी, कुठले फूट, हे सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पाणी, दुसरं काय. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि त्याच्या वर गेलं की मग प्रत्येक गल्लीचा हिशोब वेगळा, आमच्या इथं अमुक फुटाला कोपऱ्यावर येतं, तमुक फुटाला उंबऱ्याला लागतं, हे आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. मी गेली अकरा वर्षं इंग्लंडात लेस्टरला आहे, तरी पावसाळ्यात रात्री दोनला जाग आली की हात मोबाईलकडं जातो, ग्रुपवर कुणीतरी आकडा टाकलेला असतोच.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मी लिहायला बसलोय लंडनच्या बोट रेसबद्दल, म्हणजे ती ऑक्सफर्ड-केंब्रिजची, १३ एप्रिल २०२५ ला आमच्या अण्णांना घेऊन बघायला गेलो होतो ती. पण मधेमधे आयर्विन पूल येणार. त्याला माझा इलाज नाही.

अण्णा म्हणजे वडील. वय चौऱ्याहत्तर, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर पस्तीस वर्षं दिवाणजी, त्यामुळं कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मार्चमध्ये आई आणि ते दोघं आमच्याकडं आले. पहिला महिना थंडीला शिव्या देण्यात गेला, मग टीव्हीवर त्यांना ही भानगड सापडली. त्या वर्षी केंब्रिजच्या तीन वल्हेकऱ्यांना शर्यतीत बसू देईनात, कारण काय तर ती पोरं पीजीसीई करत होती, म्हणजे आपलं बी.एड. समजा, आणि समोरच्या बाजूचं म्हणणं असं की ती पदवी नाही, पदविका आहे, सबब हे खरे विद्यार्थी नव्हेत. अण्णा चहाचा कप हातात धरून तसेच. "म्हणजे मास्तर व्हायला निघालेलं पोरगं हे विद्यार्थी धरत नाहीत? आमच्या आक्कानं बी.एड. केलं ते काय उन्हाळी शिबिर होतं?" आणि तिथून ते आपोआप केंब्रिजच्या बाजूला गेले. कुठल्याही शर्यतीत कुणाचा तरी राग आल्याशिवाय मजा येत नाही हे खरंच आहे.

दुसरं कारण म्हणजे होड्यांच्या शर्यती हा त्यांचा जुना नाद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या सांगलीत कृष्णेला पाणी असतं तेव्हा होड्यांच्या शर्यती लागतात, सांगलीचे, सांगलीवाडीचे, आसपासच्या गावांचे बोट क्लब, लांब निमुळत्या होड्या, दोन्ही अंगाला वल्हं मारणारी पोरं, आणि घाटावर, पुलाच्या कठड्यावर ही गर्दी. केरळच्या शर्यतींवर लोक लेख लिहितात, फोटो काढतात, आमच्या शर्यती जिल्हा पानावर दोन कॉलमात संपतात. अण्णा कॉलेजात असताना दोन वर्षं होडीत बसायचे असं ते सांगतात. काका म्हणतो, एकच वर्ष, आणि तेही कुणीतरी आजारी पडलं म्हणून.

आई आली नाही. "मला पाणी बघायचा सोस नाही, २०१९ च्या पुरात पोटभर बघून झालंय," म्हणाली आणि नातीबरोबर घरीच थांबली.

आदल्या दिवशी हनुमान जयंती झालेली, सुंठवड्याची पुडी अण्णांच्या कोटाच्या खिशात तशीच. हे महत्त्वाचं आहे, सांगतो पुढं. सकाळच्या गाडीनं लेस्टरहून सेंट पँक्रास, तिथून पिकॅडिली लाईननं थेट हॅमरस्मिथ. गाडीत मी त्यांना वेळापत्रक दाखवलं. मुलींची शर्यत दुपारी एक वाजून एकवीस मिनिटांनी, मुलांची दोन एकवीसला.

"एकवीस? साधं सव्वा किंवा दीड का नाही?"

"भरतीवर आहे ते अण्णा."

"म्हणजे मुहूर्तच की."

मुहूर्तच. ही शर्यत टेम्स नदीच्या मूळ प्रवाहाच्या उलट्या दिशेनं होते, पटनीच्या पुलापासून वर, मॉर्टलेकला चिझिक ब्रिजच्या जरा अलीकडं संपते, ६.८ किलोमीटर, म्हणजे सांगलीहून हरिपूरला जाऊन परत यायच्या जवळपास. पण उलट्या दिशेनं असली तरी पाण्याच्या विरुद्ध नसते. समुद्राची भरती टेम्समध्ये घुसून मध्य लंडनच्याही वरपर्यंत जाते आणि तेवढे तास नदी चक्क मागं वाहते, त्या लोंढ्यावर बसून बोटी पळवायच्या. म्हणून पूर्ण भरतीच्या साधारण दीड तास आधी, पाणी सगळ्यात जोरात आत येत असताना सुरुवात. तारीख वेळ सगळं त्या हिशोबानं. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे सांगायला नको, तिकडं भरतीला वर आणि ओहोटीला खाली हे शिकवावं लागत नाही. पण आम्ही घाटावरची माणसं. आमची नदी एकाच बाजूला जाते, महाबळेश्वरहून आलमट्टीकडं. (आलमट्टीचं, म्हणजे खालच्या अंगाला कर्नाटकात कृष्णेवर धरण आहे त्याचं, नाव काढलं की सांगलीकर दोन तास बोलू शकतो, इथं नको.)

अकराच्या सुमाराला नदीवर पोचलो. हॅमरस्मिथ पुलाच्या वरच्या अंगाला, फर्निव्हल गार्डन्सच्या पुढं जरा, कठड्याला जागा मिळाली. गर्दी अजून व्हायची होती. आणि समोर बघतो तर नदी कुठाय? म्हणजे होती, पण मधेच कुठंतरी, दोन्ही काठांना नुसता चिखल, गोटे, एक सायकलचं चाक. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्यांना उन्हाळ्यात अग्रणी नदी दाखवायला आणलंय.

"इथं बोटी चालणार?"

"थांबा तर."

आमच्या जवळच भिंतीत एक लोखंडी शिडी ठोकलेली होती, खाली चिखलापर्यंत जाणारी. अण्णांनी वाकून तिच्या दांड्या मोजल्या. खालच्या दोन-तीन चिखलात होत्या त्या सोडून चौदा. "फुटाला एक धर," म्हणाले. बस्स, त्या क्षणापासून त्यांना आयर्विनची पट्टी सापडली आणि पुढचे पाच तास हा माणूस शिडीला चिकटून.

खरं तर ही अख्खी शर्यत म्हणजे दोन शाळकरी मित्रांच्या पैजेचं लांबलेलं प्रकरण आहे. चार्ल्स वर्ड्सवर्थ आणि चार्ल्स मेरिव्हेल, दोघं हॅरो शाळेचे, एक गेला ऑक्सफर्डला आणि एक केंब्रिजला, १८२९ ला केंब्रिजनं ऑक्सफर्डला आव्हान दिलं आणि हेन्लीला पहिली शर्यत झाली, ऑक्सफर्ड जिंकलं. (तेव्हा आमच्याकडं चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन गादीवर होते, अण्णांनी लगेच सांगितलं.) पुढं १८४५ ला ती पटनी-मॉर्टलेकला आली. म्हणजे विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं त्यानंतर दोनच वर्षांनी. १८५६ पासून दरवर्षी, दोन महायुद्धं आणि २०२० चा कोरोना सोडून. २०२१ ला लंडनमध्ये घेताच आली नाही, ती ईलीला ग्रेट ऊझ नदीवर झाली, काठावर माणूस नाही.

मला सगळ्यात आवडतात ती बुडलेली वर्षं. १९१२ ला दोन्ही बोटी बुडाल्या. १९७८ ला केंब्रिजची बुडाली, टीव्हीवर अख्ख्या देशानं बघितली. १८७७ ला निकाल बरोबरीत, पंच त्या वेळी झुडपाखाली झोपला होता अशी अफवा अजून चालू आहे. २०१२ ला एक माणूस निषेध म्हणून पोहत मधेच आला, शर्यत थांबवून परत लावली, मग ऑक्सफर्डचं एक वल्हंच तुटलं. हे सगळं मी ट्यूबमध्ये वाचून आलो होतो आणि अण्णांना ऐकवत होतो. ते एवढंच म्हणाले, "बुडाल्यावर हसतात का रे हे लोक?" मी म्हणलं हो, कुणाला काही झालं नाही ना. ते परत शिडीकडं वळले. मग माझ्या लक्षात आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली होती. बोट बुडणं हा आमच्याकडं किस्सा होत नाही.

साडेबाराला माणसं वाढायला लागली. दुर्बिणी, कुत्री, खांद्यावर पोरं, प्लास्टिकच्या ग्लासात बियर. सुमारे अडीच लाख माणूस काठावर उभा राहतो म्हणे, आणि त्यातल्या बहुतेकांनी ऑक्सफर्ड बघितलं असेल ते बसमधून. माझ्या शेजारची मंडळी क्रॉयडनहून आलेली, दोघांनीही कॉलेजचं तोंड बघितलं नव्हतं, एक गडद निळा म्हणजे ऑक्सफर्ड, एक फिकट निळा म्हणजे केंब्रिज, का तर घरात आजोबांपासून तसं आहे. हे मला एकदम पटलं. आमच्याकडं पण तर कुठल्या क्लबच्या होडीसाठी घसा बसवायचा हे गल्लीवर ठरतं, विचार करून कुणी ठरवत नाही.

अण्णांनी भडंगाची पिशवी काढली. मी म्हणलं शेजाऱ्यांना विचारू का, तर म्हणाले उगीच तिखट लागेल त्यांना, आणि आम्ही दोघांनीच संपवली.

"तीन गेल्या," म्हणाले. म्हणजे शिडीच्या तीन दांड्या पाण्याखाली.

आता तिकडं बघितलं तर पाणी खरंच येत होतं. आवाज नाही, लाट नाही, नुसतं भरत चाललेलं. एक प्लास्टिकची बाटली आमच्या डावीकडून, पुलाखालून निघून उजवीकडं चालली होती.

"समुद्र कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडं."

"मग हे उजवीकडं कसं काय चाललंय?"

मी परत सगळं सांगितलं, भरती, चंद्र, वगैरे. लंडन ब्रिजपाशी तर भरती-ओहोटीत सात मीटरपर्यंत फरक पडतो हेही सांगितलं. त्यांनी मनात फूट केले. "तेवीस फूट?" "हो." "रोज?" "रोज, दोनदा." मग गप्पच झाले. तेवीस फूट म्हणजे काय ते सांगलीच्या माणसाला विचारा, कोयनेचा विसर्ग आणि आभाळ दोन्ही अंगावर आलं तरी एवढं चढायला दिवस लागतात, आणि प्रत्येक फुटाला एक फोन. आणि इथं हे रोज दोनदा होतंय आणि काठावर लोक बियर पितायत. थोड्या वेळानं म्हणाले, "काल पौर्णिमा होती ना, मग आज जास्तच असेल." हनुमान जयंती, चैत्री पौर्णिमा, बरोबर. पंचांग खिशात नसलं तरी सुंठवडा होता.

मधे पुलाबद्दल सांगायचं राहिलं. हॅमरस्मिथचा पूल दिसायला फार देखणा, हिरवा-सोनेरी, १८८७ चा, पण एप्रिल २०१९ पासून गाड्यांना बंद आहे, भेगा पडल्यात, माणसं आणि सायकली तेवढ्या जातात. आणि दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे यावर पालिका आणि सरकार यांचं चाललंय ते चाललंच आहे. अण्णांना हे ऐकून बरं वाटलं, स्पष्टच सांगतो. आमचा आयर्विन १९२९ चा, जड गाड्यांना बंद, त्याच्या बाजूला दुसरा पूल होईपर्यंत आमचे केस पांढरे झाले. "म्हणजे इथं पण तेच," एवढ्यावर त्यांनी साहेबाला माफ केलं.

तर हा पूल बांधणारा जोसेफ बॅझलजेट, शर्यत सुरू होते तो पटनीचा पूलसुद्धा त्याचाच, १८८६ चा. पण त्याचं खरं नाव झालं ते गटारांमुळं. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सला एवढा वास सुटला की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचं औषध लावून बसावं लागलं, तेव्हा कुठं पैसे मंजूर झाले आणि बॅझलजेटनं लंडनखाली गटारांचं जाळं घातलं. तरीही १९५७ पर्यंत नदी मेलीच, जीवशास्त्रवाल्यांनी तसं जाहीरच केलं. मग सुधारली, मासे आले, सील आले. आणि २०२४ ला शर्यतीच्या आधी याच हॅमरस्मिथ पुलाजवळच्या पाण्यात मैल्यातले ई-कोलाय जंतू एवढे सापडले की संघांना सांगितलं, जखमा झाका, तोंडात पाणी जाऊ देऊ नका, आणि जिंकल्यावर कॉक्सला नदीत फेकायची जुनी पद्धत आहे ती या वर्षी राहू द्या. कॉक्स म्हणजे सुकाणूवर बसतो तो, आठ वल्हेकरी आणि हा नववा. ऑक्सफर्डच्या काही पोरांची पोटं बिघडलेली, हरल्यावर त्यातला एक टीव्हीवर बोललाही. आम्ही गेलो त्या वर्षी फेब्रुवारीत नवा भुयारी नळ पूर्ण जोडला होता, २५ किलोमीटर, नदीच्या पोटाखालून, जे मैलापाणी पाऊस पडला की टेम्समध्ये जायचं ते अडवायला.

मी हे एवढं सांगतोय कारण तिथं उभं राहून मला सारखं आमच्या कृष्णेत उलटे तरंगणारे मासे आठवत होते. दर एक-दोन वर्षांनी फोटो येतात, कुणी म्हणतं कारखान्याची मळी, कुणी म्हणतं शेरीनाल्याचं पाणी, चौकशी लागते, पुढं काही कळत नाही. नदीकडं लोक बघतात कधी, पूर आल्यावर, मासे मेल्यावर, नाहीतर शर्यत असल्यावर. तिसरं कारण त्यातल्या त्यात बरं.

एक वाजून एकवीस. आम्हाला सुरुवात दिसायची शक्यताच नव्हती, ती तिकडं पटनीला, नदीला इंग्रजी एस सारखी वळणं, मधे वस्ती. क्रॉयडनवाल्यांच्या मोबाईलवर बीबीसी लावलेलं, आम्ही त्यांच्या खांद्यावरून बघायला लागलो. सुटल्या, आणि थोड्याच वेळात दोन्ही बोटींची वल्ही एकमेकांत अडकली, पंचानं लाल झेंडा दाखवून थांबवलं. परत लावणार म्हणे.

"परत पहिल्यापासनं?"

"तिथूनच पुढं, पण परत स्टार्ट."

"आपल्याकडं असतं तर एव्हाना घाटावर डोकी फुटली असती," असं म्हणाले पण कौतुकानं, कुणाचं ते कळलं नाही.

या मुलींच्या शर्यतीची गोष्ट वेगळीच आहे. १९२७ ला पहिल्यांदा झाली ती ऑक्सफर्डला, तेव्हा दोन्ही बोटींना शेजारी शेजारी पळूच दिलं नाही. एकेक करून सोडल्या, वेळ मोजली आणि वर वल्हवण्याच्या शैलीला मार्क दिले, लग्नाला बघायला आल्यासारखं. याच पाण्यावर, त्याच दिवशी, मुलांच्या बरोबरीनं पळायला २०१५ उजाडलं.

मग झालं काय की मोबाईल मागं आणि नदी पुढं. स्क्रीनवर बोटी अजून वळणावर होत्या, हॅरॉड्सच्या जुन्या गोदामापाशी, आणि पुलावरून एकदम आरडाओरडा उठला, मान वर करून बघतो तर पुलाखालून खऱ्या बोटी बाहेर पडतायत. सगळे मोबाईल खाली. फिकट निळी पुढं. एवढी लांब बोट आणि एवढी अरुंद की वाटतं माणसं पाण्यावरच बसलीत, आठ वल्ही एकदम आत, एकदम बाहेर, मधे एक धप् असा कोरडा आवाज, आणि कॉक्सचं माईकवरचं ओरडणं. ठीक समोरून जायला किती, दहा सेकंद? मग पाठमोऱ्या. म्हणजे बोटी पाठमोऱ्या, वल्हेकऱ्यांची तोंडं आमच्याकडं, कारण हे लोक उलटे बसतात ना. तोंडं बघवत नव्हती, जीव चालल्यासारखी.

अण्णांना हे उलटं बसणं काही पटेना. आमच्याकडं पोरं पुढं तोंड करून बसतात, समोरचं पाणी दिसतं, शेजारची होडी दिसते, ईर्षा येते. "ह्यांना कुठं चाललोय ते दिसतच नाही, फक्त त्या बारक्या कॉक्सला दिसतंय, आणि तो बसून आहे." मी म्हणलं, मागं टाकलेला दिसतो की त्यांना. म्हणाले, "आणि मागं पडलेल्याला?" मागं पडलेल्याला काहीच दिसत नाही, फक्त मोकळी नदी. हा विचार मी कधी केला नव्हता.

बोटींच्या मागं पंचाची लाँच, तिच्यामागं आणखी लाँचचा तांडा, आणि ते सगळं गेल्यावर अर्ध्या मिनिटानं त्यांच्या लाटा काठाला आल्या. पुढं उताराच्या वाटेवर उभे होते त्यांचे बूट भिजले, पोरं किंचाळली, सगळे हसत मागं सरकले. अण्णा पण सरकले. पण ते हसले नाहीत आणि सगळ्यांपेक्षा दोन पावलं जास्त मागं गेले.

"नऊ," म्हणाले.

केंब्रिजच्या मुली अडीच लांबीनं, म्हणजे अडीच बोटींएवढ्या अंतरानं, जिंकल्या, ते मोबाईलवर कळलं. मधे राखीव संघांच्या शर्यती झाल्या, त्या बघितल्या न बघितल्यासारख्या. मग दोन एकवीसची. असं म्हणतात की हॅमरस्मिथच्या पुलाखालून जो आधी निघतो तो पाचात चार वेळा जिंकतो, म्हणजे आमच्या समोरच निकाल लागणार होता, आणि लागला. केंब्रिज चांगलंच पुढं, मधे मोकळं पाणी. पुढं साडेपाच लांबीनं जिंकले. पीजीसीईची तीन पोरं बाहेर बसवूनसुद्धा, हे अण्णांनी दिवसभरात चार जणांना सांगितलं, त्यातल्या दोघांना मराठीत. मुलांचा हिशोब त्या दिवसाअखेर केंब्रिज ८८, ऑक्सफर्ड ८१, आणि ती एक झुडपाखालची बरोबरी.

तीनपर्यंत काठ निम्मा मोकळा. क्रॉयडनवाले हात करून पबमध्ये गेले. मी म्हणलं अण्णा चला, पाचची गाडी आहे, वाटेत चहा घेऊ. तर म्हणाले, जरा थांब.

"काय राहिलं?"

"अजून चढतंय ते."

बाराव्या दांडीवर होतं. मी म्हणलं भरती पूर्ण व्हायला चार वाजायला येतील. म्हणाले मग चारला जाऊ.

आता मला कळत होतं काय चाललंय, पण मी काही बोललो नाही, आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही. २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर गावभागात, मारुती चौकाच्या जवळ. २००५ ला पाणी जिथवर आलं होतं तिथं अण्णांनी जिन्याच्या भिंतीवर खिळ्यानं रेघ मारून ठेवली होती, आणि घरातल्या सगळ्यांचा त्या रेघेवर पक्का विश्वास, याच्या वर येत नाही. सामान रेघेच्या वर उचललं, आई-अण्णा माडीवर गेले. मी लेस्टरला, फोन चालू-बंद, चालू-बंद. "रेघेला लागलं." मग दोन तासांनी, "रेघ बुडाली." मग फोन लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी माडीच्या खिडकीतून त्यांना काढलं, आणि काढायला आलेली होडी शर्यतीतली होती, वल्ही मारणारी पोरंही शर्यतीतली. अण्णांनी त्यातल्या दोघांना ओळखलं. त्या होडीत बसून मारुती चौकातून जाताना खाली दुकानांच्या पाट्या दिसत होत्या, असं आई सांगते. अण्णा त्याबद्दल काहीच सांगत नाहीत, फक्त "पोरं चांगली वल्हवत होती" एवढं.

लंडनला हे होत नाही कारण खाली, समुद्राच्या बाजूला, नदीवर दारं आहेत, टेम्स बॅरियर, ५२० मीटर रुंद, १९८२ पासून चालू. समुद्राला जास्तच उधाण येणार असलं की दारं लावून घेतात. वरून नदीला पूर असेल तर ओहोटीलाच लावतात, म्हणजे आत पुराच्या पाण्याला जागा राहते. हे मी शिडीपाशी उभं राहून अण्णांना सांगितलं. ते ऐकून त्यांनी विचारलं, "दार कुणाच्या हातात आहे?" मी म्हणलं, सरकारी खात्याच्या. "एकाच राज्यात आहे ना पण सगळं?" म्हणलं होय. मान हलवली. बास, आलमट्टी आलीच शेवटी.

पावणेचारला तेरावी दांडी दिसेना. काठाशी एक बदक आलं, दोन पोरं त्याला पावाचे तुकडे टाकत होती. पाणी आता हलत नव्हतं, कुठल्याच बाजूला नाही. सकाळची ती बाटली नसेल पण तसलीच एक समोर नुसती उभी. डावीकडंही नाही, उजवीकडंही नाही. अशी उभी राहिलेली नदी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, आणि अण्णाही, कारण त्यांनी कठड्यावरचे हात काढून घेतले आणि मागं बांधले.

मग बाटली डावीकडं सरकली. अगदी थोडी. अण्णा वाकले, बराच वेळ वाकून होते, मला त्यांच्या कंबरेची काळजी. मग सरळ झाले आणि बोट दाखवलं. तेराव्या दांडीचा ओला लोखंडी काठ वर आला होता, बोटभर.

आम्ही स्टेशनकडं निघालो. वाटेत त्यांनी काकाला फोन लावला, सांगलीत साडेआठ वाजून गेले असतील, काका जेवायला बसला होता, स्पीकरवर ताटवाटीचा आवाज.

"काय रे, झाली का शर्यत? कोण जिंकलं?"

"फिकट निळे. ते सोड. तेरा फूट चढलं."

"किती?"

"तेरा. माझ्या डोळ्यांदेखत. सकाळी चिखल होता."

तिकडं ताटाचा आवाज थांबला. "मग?" काका म्हणाला.

"मग काय," अण्णा म्हणाले, "उतरायला लागलं."